साका

मी आंबा बोलतोय. फळ नव्हे, झाड. आंबा म्हटल्यावर गोडच बोलेल, अशी आशा धरून बसला असाल तर आधीच सांगतो, माझ्या पोटात आज गोड असं काही नाही.

माझा जन्म फळसंशोधन केंद्रातला. तिथे दोघी सख्ख्या बहिणी काम करायच्या. थोरली केंद्राची प्रमुख, तिला सगळे ताई म्हणायचे. दुसरी धाकटी. शिक्षणात ती ताईपेक्षा तसूभरही कमी नव्हती, पण नाव पडलं ते धाकटीच.

मला जन्माला घातलं या धाकटीनं. मोहोराची फुलं मोहरीच्या दाण्याएवढी. भिंगातून बघत, चिमट्यानं एकेका फुलाला दुसऱ्या जातीचे पराग टेकवायचे आणि वर कागदी पिशवी बांधायची. एवढं करून शेकड्यांत एखादं फळ धरतं. अशाच एका फळाच्या कोयीतून मी आलो. माझ्या सोबतची भावंडं कुणी आंबटढाण निघाली, कुणी नुसती धाग्यांची. त्यांना उपटून टाकलं. माझं पहिलं फळ खाऊन मात्र धाकटी मातीतच बसली आणि एकटीच हसत सुटली.

पण माझ्यात एक खोड होती, साका. फळ झाडावर फार दिवस राहिलं आणि खालची तापलेली जमीन त्याला भाजत राहिली, की बाहेरून सोन्यासारखं दिसणारं फळ आतून पांढरट, स्पंजासारखं, आंबूस होतं. वरून कळत नाही, कापल्यावरच कळतं. धाकटीनं उन्हाळेच्या उन्हाळे यापायी घालवले. शेवटी उपाय सापडला. बुंध्याभोवती पेंढ्याचा जाड थर पसरायचा, आणि फळ तयार झालं की पिकायच्या आधीच उतरवून घ्यायचं. त्या वर्षी माझं एकही फळ नासलं नाही.

ताईंनी तिची पाठ थोपटली. आणि माझी नवी जात जाहीर करताना जनक म्हणून एकट्या स्वतःचं नाव दिलं.

भांडण माझ्याच सावलीत झालं.

“ताई, हे झाड माझं आहे.”

“झाड केंद्राचं आहे. आणि केंद्र मी चालवते.”

“निदान माझं नाव तरी घालायचंस शेजारी!”

“घरातलंच तर आहे सगळं. त्यात तुझं काय आणि माझं काय!”

लवकरच धाकटीची बदली झाली, लांबच्या अननसाच्या केंद्रावर. जाताना तिनं कलमासाठी माझ्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. ती गेली आणि ताईंच्या नावाची पाटी माझ्या खोडात खिळ्यांनी ठोकली गेली. चीक गळला. बघणाऱ्यांना वाटलं झाडाला दुखलं. दुखलं नव्हतं, मी संतापलो होतो.

झाडाला सूड उगवायचा तर वाट बघावी लागते. आणि वाट बघण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

काही वर्षांनी माझी कलमं बागायतदारांना वाटण्याचा मोठा समारंभ ठरला. बागायतदार, फळांचे व्यापारी, वरचे अधिकारी, सगळे येणार होते. ताईंनी हुकूम सोडला की फळं झाडावरच राहू द्या, पाहुण्यांसमोर तोडायची आणि तिथेच कापायची. पेंढाही उचलून टाकायला लावला. उघडी जमीन दिवसभर तापायची आणि मी माझी सगळ्यांत देखणी फळं खालच्या फांद्यांवर लोंबकळत ठेवली होती. शहाणे म्हणतील, हे उन्हानं केलं. म्हणोत. मी म्हणतो, मी केलं.

समारंभाच्या सकाळी धाकटी आली. खांद्याला पिशवी होती. वाकून तिनं जमिनीला तळवा लावला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

“ताई, पेंढा कुठाय?”

“पाहुण्यांना काय उकिरडा दाखवू?”

“एक फळ आधी कापून बघ. एकच.”

“मला शिकवायची हौस अजून फिटली नाही का तुझी?”

धाकटी पुढच्या रांगेत जाऊन बसली.

फळं तोडली, ताटात मांडली. लोकांच्या माना उंचावल्या. सुरी हातात घेतल्यावर मात्र ताईंच्या मनात पाल चुकचुकली असावी. त्यांनी बहिणीकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “कापू ना?”

“काप ना, ताई. तुझंच आहे.”

पहिलं फळ उघडलं. पांढरं. दुसरं, तेही पांढरं. तिसऱ्याच्या वासानं पुढच्या व्यापाऱ्यानं नाकाला रुमाल लावला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

“हे असलं कुणी तयार केलंय?” वरच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

ताईंचा चेहरा उतरला. क्षणभर त्यांनी माझ्या खोडावरची पाटी पाहिली. मग बोट दाखवून, लहानपणी काच फुटल्यावर दाखवत असतील तसं, त्या म्हणाल्या, “हिनं. हे सगळं काम हिचं आहे.”

इतकी वर्षं जे कबूल केलं नव्हतं, ते ताई भरसभेत स्वतःच्या तोंडानं बोलून बसल्या होत्या.

धाकटी शांतपणे उठली. “हो, माझंच,” ती म्हणाली, “आणि माझं हे असं असतं.”

पिशवीतून तिनं पिकलेली फळं काढली. माझ्याच काड्यांवर वाढलेली, वेळेवर उतरवलेली. ताईंच्या हातातली सुरी तिनं अलगद काढून घेतली आणि फोडी केल्या. आत केशरी गर, टाचणीच्या टोकाएवढाही डाग नव्हता. व्यापाऱ्यानं नाकावरचा रुमाल काढून बोटं पुसली आणि दुसरी फोड मागितली.

मी पानन् पान सळसळवून हसलो. वारा पडलेला होता, तरीही.

ताईंची खुर्ची गेली. जाण्याआधी त्यांनी एकच कागद काढला, ‘झाड रोगट आहे, तोडावे.’ आता माझ्या बुंध्यावर चुन्याची फुली आहे. काल धाकटी येऊन गेली. खोडावर हात फिरवत म्हणाली, “थांबवू शकते मी हे. पण तिला हे एवढंच उरलंय. करू दे. तू आता इथेच थोडा आहेस!”

तेव्हा माझ्यासाठी हळहळू नका. करवतीला मी भीत नाही. माझी कलमं रानोमाळ गेली आहेत आणि लोकांनी आपणहून मला नाव ठेवलंय. ती फळाला आली की एखाद्या उन्हाळ्यात ताई बाजारात जातील, घमघमाटानं एका टोपलीपाशी थांबतील, फळ दाबून बघतील, आतून कसं आहे म्हणून विचारतील. फळवाली त्यांना ओळखणारसुद्धा नाही. ती म्हणेल,

“डोळे मिटून घ्या, बाई. ‘धाकटी’ आहे.”