तोतारामबापूंचं रक्तवाचन

त्या दिवशी पाड्यावरची शाळा भरलीच नाही. पोरं चिंचेखाली, पोरांच्या मागे त्यांच्या आया आणि आयांच्या मागे खुद्द गुरुजी टाचा उंचावून उभे. शेजारच्या पाड्यांवरूनही माणसं लोटली होती. चिंचेला लागून एक जीप, जीपच्या टपावर केबलवाल्याच्या घरावर असते तशी मोठी पांढरी छत्री, आणि पुढच्या टेबलावर झेंडूची माळ घातलेला कॉम्प्युटर. जनरेटर धडधडत होता. १९९९ साल असलं तरी सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या पाड्यावर कॉम्प्युटर कुणी पाहिलेला नव्हता. पडदा उजळला तशा बायांनी हात जोडले.

"माझ्या अंगात काही येत नाही," पांढऱ्याशुभ्र सफारीतले बापू सांगत होते. "मी कोंबडं मागत नाही, लिंबू मागत नाही. भगताच्या अंगात देव येतो, माझ्या पडद्यावर तुमचं रक्त येतं. अमेरिकेतले मोठमोठे शास्त्रज्ञ रक्तातली अक्षरं वाचतात, ती आकाशातून या छत्रीत उतरतात. एक थेंब द्या आणि सात पिढ्यांचा दोष बघा."

थेंब काचेवर घ्यायचा, काच एका काळ्या डब्याच्या फटीत सरकवायची, की पडद्यावर हिरवी अक्षरं झरझर धावू लागत. ए, टी, जी, सी. चारच अक्षरं, पण बघणाऱ्याला गरगरावं अशी धावत. ती थांबली की बापू दोष कुणाचा ते सांगत, आणि मग त्या रक्ताचा मंत्र ज्याच्या त्याच्या कानात सांगून बजावत, "रोज म्हणायचा. दुसऱ्याच्या कानावर गेला की उतरला." हे कुणाला समजावून द्यावं लागत नव्हतं. कानमंत्र तोंडाबाहेर काढायचा नसतो, ही शिकवण आपल्याकडे आईच्या दुधाबरोबरच मिळते.

मी गर्दीच्या मागे उभी होते आणि मला संताप आला होता. कारण हे बापू म्हणजे आमचा तोताराम होता.

मी शिरपूरला रक्त तपासायची लहानशी प्रयोगशाळा चालवते. मला सगळे सुमनबाई म्हणतात. तोताराम तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायचा. बुवाबाजीविरुद्ध आम्ही दोघं त्याच्या स्कूटरवरून गावोगाव हिंडलो. तो जिभेवर कापूर जाळायचा, लिंबातून रक्त काढायचा आणि लगेच सगळ्यांसमोर युक्ती उघडून दाखवायचा. पुढे धुळ्याला एक सायबर कॅफे सुरू झाला तेव्हा मीच त्याला तिथे नेलं. यीस्टपासून माणसापर्यंत, जगभरच्या शास्त्रज्ञांनी पेशींमधल्या डीएनएची जी अक्षरं वाचली, ती त्यांनी इंटरनेटवर खुली ठेवलीत. कुणीही बघावीत, उतरवून घ्यावीत, आपल्याजवळचा तुकडा त्यांच्याशी ताडून पाहावा. "फुकट? कुणालाही?" तोताराम म्हणाला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. मी त्या डोळ्यांवर विश्वास ठेवला. नंतर त्याने नोकरी सोडली, गाव सोडलं, मला एका शब्दाने कळवलं नाही.

पाड्यावर मी आले होते ती चमेलीबाईला शोधत. तिचा पहिला मुलगा लहानपणीच गेला होता. लेकीचे सांधे सुजायचे, डोळे पिवळे पडायचे; तिच्या रक्तात सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी वाकड्या होण्याचा आजार, निघाला होता. गोळ्यांनी बरं चाललं होतं आणि एकाएकी चमेली यायची बंद झाली; बापू येणार म्हणून घरच्यांनी तिला अडवलं होतं, हे मला नंतर कळलं.

ती मला चिंचेखालीच दिसली. नवरा धना आणि सासू बुधीबाई तिला पुढे ढकलत होते. काच फटीत गेली, अक्षरं धावली, थांबली.

"मूल का गेलं ते दिसतंय," बापू म्हणाले. "दोष हिच्या माहेरच्या रक्तात आहे. ही घरात असेपर्यंत लेकीला उतार नाही. आणि त्या गोळ्या बंद करा, त्या मंत्राला आडव्या येतात."

मूल गेल्याचं मशीनला कसं कळलं म्हणून बायांनी तोंडावर पदर घेतले. आदल्या दिवशी बापूंचा ड्रायव्हर किराणा दुकानात अख्खी दुपार गप्पा हाणत बसला होता, हे त्यातल्या निम्म्या जणींनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मी पुढे होऊन बोलायला लागले. बुधीबाईने मला मध्येच थांबवलं. "डाक्टरीणबाई, माणूस खोटं बोलस. मशीन कसाले खोटं बोली? तिले काय आमनासंगे वैर शे?"

गर्दी पांगल्यावर मी तोतारामला जीपपाशी गाठलं.

"डब्यात काय आहे?"

"टेपरेकॉर्डरचा सांगाडा," तो शांतपणे म्हणाला. माझ्याशी खोटं बोलायचीसुद्धा त्याला गरज वाटली नाही.

"आणि छत्री?"

"वायर सीटखाली संपते. सुमन, आपण इतकी वर्षं घसा फोडला. एकाने तरी भगत सोडला? आता मी हळू बोललो तरी ऐकतात."

"त्या पोरीच्या गोळ्या तू बंद केल्यास. ती मरेल, तोताराम."

"गोळीने बरं वाटलं तर माझ्याकडे कोण येईल?" त्याने रुमालाने पडदा पुसला. "तू सांगून बघ की त्यांना. युक्ती उघड करायची तुला सवय आहेच."

स्कूटरवर माझ्यापुढे बसणारा माणूस हाच, हे मला त्या क्षणी पटेना. फसवणारा परका असता तर नुसता राग आला असता. इथे मी पाठ फिरवली आणि शिरपूरला परतले.

चमेली स्वतःच माझ्याकडे आली, शिरपूरला चालत.

"बजारना दिवसले पंच बठतीन," ती म्हणाली. "माले माहेर धाडतीन, आन पोर तठेच ठेवतीन. गोळ्या कोण दी तिले?"

"तुला मंत्र दिला ना त्याने? मला सांगशील?"

"सांगं म्हंजे उतरी जास म्हणतस. माले घरमाईन काढीच दिनं, आते काय उतरावानं ऱ्हायनं?" आणि डोळे मिटून एका सुरात म्हणू लागली, "अथग गअथ थसथ, गअग गथथ गसथ..."

पुढे आणखी ओळी होत्या. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, अ म्हणजे ए, थ म्हणजे टी, ग म्हणजे जी, स म्हणजे सी. त्याने पडद्यावरचीच अक्षरं मंत्राच्या चालीत बसवली होती. मी सगळं उतरवून घेतलं आणि धुळ्याची एस. टी. पकडली.

सायबर कॅफेत मोडेम खरखरला. परदेशातल्या त्या खुल्या साठ्याचं पान उघडायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला. रकान्यात मी चमेलीच्या 'माहेरचं रक्त' टाइप केलं आणि ताडून बघायला सांगितलं. उत्तर आलं तेव्हा मला हसू फुटलं आणि मग रडूही. ही अक्षरं कुणा माणसाची नव्हतीच. पाव फुगवायला जे खमीर घालतात, त्या यीस्टच्या पेशीतला तो एक तुकडा होता. त्याच खुर्चीत बसून तोतारामने डोळे पुसले होते, आणि बहुधा त्याच वेळी फ्लॉपीवर हे उतरवून घेतलं होतं.

बाजाराच्या दिवशी चिंचेखाली पंच बसले. मध्यभागी पाड्याचा कारभारी पुना, त्याच्या शेजारी खुर्चीवर बापू. मी बोलायला उठले तर चमेलीने मला हाताने मागे सारलं.

"माले जावानंच शे," ती म्हणाली, "तर मना खराब रगतना मंतर बठ्ठास्नी ऐकी ल्या."

आणि तिने मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला पुनाचे ओठ हलू लागले. मागच्या बायकांचे हलू लागले. तिसऱ्या ओळीला चमेली दम घ्यायला थांबली आणि पुढचे शब्द बुधीबाईच्या तोंडून आपसूक बाहेर पडले. तिने दचकून तोंडावर हात ठेवला.

"हाऊ मंतर तुले कोणी सांगा?" पुना चमेलीला म्हणाला. "हाऊ तर मना शे."

"मना बी हाऊच शे," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एकजण.

"मंत्र फोडलात," बापू उठून उभे राहिले. "उतरला आता. परिणाम भोगा."

"उतरना तर उतरना," चमेली म्हणाली. "बठ्ठास्ना एकच कसा, ते सांगा."

मग मी सांगितलं. डबा म्हणजे टेपरेकॉर्डरचा रिकामा सांगाडा आहे. अक्षरं आकाशातून येत नाहीत, कुणाचाही थेंब घातला तरी फ्लॉपीवरचीच धावतात. माणसाच्या पेशीतली सगळी अक्षरं तर अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचीही अजून वाचून व्हायची आहेत. त्यात कुणाचा दोष किंवा शाप लिहिलेला नसतो. आणि तुम्ही रोज सकाळी जे म्हणता, ते पावाच्या खमिराचं आहे.

"पावना खमीरनं?" पुनाने पुन्हा विचारलं. कुणीतरी फिस्सकन हसलं, पण ते हसू पसरलं नाही. किती घरांत बायकांना टोमणे बसले होते, किती जणांनी औषधं टाकली होती, ते एकेकाला आठवत होतं. पुना उठला, जीपपाशी गेला आणि छत्रीची वायर ओढली. ती सुटी त्याच्या हातात आली.

तोतारामने सामान आवरलं. त्याला कुणी अडवलं नाही. जाताना तो माझ्यापाशी थांबला. "सगळ्यांसमोर, सुमन? इतकी वर्षांची मैत्री आपली."

मैत्री कुणी मोडली हे ज्याला कळत नाही त्याला काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी धना प्रयोगशाळेत आला. चमेली लेकीला तपासायला घेऊन आधीच बाकावर बसली होती.

"चाल घर," तो खाली मान घालून म्हणाला. "बाई सांगस तुना दोष नही."

"मशीननी सांगं, तू माले काढी दिनं," चमेली म्हणाली. "आते बाई सांगस, तू लेवाले उना. तू सोता काय देखं?"

धनाने बोट पुढे केलं. त्याच्या रक्ताचा थेंब मी काचेवर घेतला, वर तपासणीच्या द्रावणाचा थेंब सोडला, काच झाकली आणि त्याला थांबायला सांगितलं. मग त्याचा डोळा सूक्ष्मदर्शकाला लावला. गोल पेशींच्या जागी विळ्यासारख्या वाकड्या पेशी. मग चमेलीच्याही बोटाचा थेंब घेऊन तिची काच दाखवली. तशाच.

"अर्धं तुझ्याकडून आलं, अर्धं तिच्याकडून," मी सांगितलं. "नुसतं अर्धं असलं तर त्रास होत नाही, दोघांचं मिळून लेकीला हा आजार झाला. तो शाप नाही. गोळ्या, भरपूर पाणी आणि वेळच्या वेळी तपासणी, एवढंच तिला हवं."

तो बराच वेळ काचेवरून डोळा काढेना.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. खरं ज्ञान चारचौघांत मोठ्याने सांगता येतं, दुसऱ्याला ताडून बघू देता येतं. ज्यांनी ही अक्षरं वाचली त्यांनी ती जगापुढे उघडी मांडली. कानात सांगून वर गप्प राहायला लावणारा पांढऱ्या सफारीत असो, त्याच्यापुढे कॉम्प्युटर असो, नाहीतर तो तुमचा जिवाभावाचा मित्र असो, त्याचं म्हणणं शेजाऱ्याला सांगून बघा. माझंही नुसतं ऐकू नका. या, आणि डोळा लावून बघा.

धना उठला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्याने पुन्हा एकदा घरी चल म्हटलं. चमेलीने गोळ्यांची पुडी पदरात बांधली, लेकीला कडेवर घेतलं आणि माहेरच्या रस्त्याला लागली.

"पोरले मी देखसू," जाता जाता ती म्हणाली. "तुना घर येवानं का नही, ते बी मीच देखसू."