ढब्बूच्या दंडावरचा फुगा

मित्रांनो, मी एक जुना फुगा आहे. वाढदिवसाचा नव्हे, पाण्यात उतरताना लहान मुलांच्या दंडावर चढवतात तो. आम्ही जोडीने जन्मलो, पण उजव्या दंडाचा भाऊ अबोल, म्हणून मीच बोलतो.

मला आजोबांनी आणलं. त्यांची नात ढब्बू तेव्हा नुकती दुडूदुडू धावायला लागली होती. पोहण्याच्या तलावात मी तिला उभीच्या उभी तरंगत ठेवायचो. ती पाय झाडायची आणि आजोबा कौतुकाने सगळ्यांना सांगायचे, "बघा, पोहायला लागली आमची पोर." तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

एके दिवशी मी अजून पिशवीतच होतो. आई टॉवेल शोधत होती, तेवढ्यात ढब्बू काठावरून सरळ पाण्यात चालत गेली. हात पसरलेले, अंग ताठ, माझ्यासोबत असायचं अगदी तसं. आणि ती खाली गेली. आईने अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारून तिला वर काढलं, म्हणून निभावलं.

पोहणं शिकवणाऱ्या ताईंनी मला हातात घेतलं. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. त्या म्हणाल्या, "पाण्यात उभं राहता येतं, हे तिला यानेच शिकवलंय. हा आता नको."

माझं डोकंच चालेना. मी तर तिला कधीच बुडू दिलं नव्हतं!

मग ताई ढब्बूला पाण्यात पाठीवर निजवू लागल्या. कान पाण्यात, तोंड वर. ती आकांत करायची. पुढे तर फ्रॉक आणि बूट घालून शिकवणी सुरू झाली. आजोबा वैतागले. "बूट घालून कुणी पोहतं का?"

"पडणारं मूल कपडे बदलून पडत नाही, आजोबा," ताई म्हणाल्या.

मला आधी आजोबांचं पटलं, मग ताईंचं पटलं, मग काहीच कळेनासं झालं.

शेवटी ताईंनी पाण्यात उभं राहून ढब्बूला हातातून सोडलं. ती पाण्याखाली दिसेनाशी झाली. काठावर आई सवयीने मला हातात धरून बसली होती; तिने मला इतकं आवळलं की माझा जोड उसवला आणि हवा सुटू लागली. तेवढ्यात ढब्बू वर आली, वळली, पाठीवर तरंगली आणि तिने भोकाड पसरलं. रडायला श्वास लागतो, मित्रांनो. त्या रडण्याने माझा जीव भांड्यात पडला.

मी तिचा सोबती होतो की वैरी, हे मला अजूनही उलगडलेलं नाही. पण तुमचं धाकटं भावंड पाण्याजवळ असेल, तेव्हा दंडावर फुगा आहे म्हणून पाठ फिरवू नका. त्याच्याकडेच बघत राहा.