पुढे बारीक, मागे रुंद

गाडी आमची, लायसन माझं आणि चालवणार कोण, तर उल्हास.

शारजात आमच्या ओळखीच्या एकाही माणसाला यात काही वावगं वाटत नव्हतं. बायका हसायच्या. पुरुष म्हणायचे, "बरोबरच आहे वहिनी, ती गाडी बायकांची नाहीच." जणू गाडीला मिशा होत्या.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. माझा नवरा सदानंद एका शिपिंग कंपनीत अकाउंट्सला होता. त्याचा लेबनीज साहेब देश सोडून जाताना आपली जुनी काळी मस्टँग मागे टाकून गेला. दोन दारांची, लांब नाकाची. साहेबाने तेल न घालता पळवून तिचं इंजिन जॅम केलं होतं. ते धूड सदानंदने उचललं. मराठी मंडळात सगळ्यांच्या पांढऱ्या जपानी गाड्या, आपली एकट्याची काळी अमेरिकन, एवढीच त्याची हौस. त्याला गाडी चालवायची नव्हतीच, त्याला चारचौघांत गाडीतून उतरायचं होतं.

मूळचं आठ सिलिंडरचं इंजिन पुन्हा बसवायचं म्हटल्यावर त्याने गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न विचारला, "ॲव्हरेज कितना देगा?"

गॅरेजवाला पेशावरचा. त्याने हातातला पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं, की बाई, हा माणूस बरा आहे ना. पेट्रोल पाण्यापेक्षा स्वस्त असलेल्या देशात असल्या गाडीचं ॲव्हरेज विचारणारा तो पहिलाच असावा. शेवटी एका भंगारातल्या जपानी सलून गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन त्यात बसवलं. पैलवानाच्या छातीत कारकुनाचं काळीज. किलोमीटरचा मीटर काही त्या इंजिनाशी जुळला नाही, तो शून्यावर झोपून राहिला. त्यानेही सदानंदचं अडलं नाही. तो अंदाजाने ॲव्हरेज काढायचा आणि अंदाजानेच खूश व्हायचा.

राहिला प्रश्न चालवण्याचा. माझं लायसन झालं होतं. ऑफिसच्या कामाला मी कंपनीची छोटी गाडी रोज घेऊन जात होते, पोर्टवर, कस्टम्सला, सगळीकडे. सदानंदचं लायसन होत नव्हतं. राउंडअबाउट आला की हा थांबायचा. डावीकडून येणारी एकही गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायचा. शारजात तसा क्षण येत नाही. मागे हॉर्न वाजायचे, आणि परीक्षक कंटाळून म्हणायचा, "खलास, यल्ला, उतर."

"मी चालवते की," मी म्हटलं.

"तुला झेपणार नाही. पॉवर स्टिअरिंग नाही तिला."

म्हणून उल्हास. आमच्या खालच्या मजल्यावरचा, इन्शुरन्स विकणारा, तोंडाने गोड. सदानंदने त्याला दुसरी किल्लीच देऊन टाकली. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, उल्हास स्टिअरिंगवर, सदानंद शेजारी खिडकीतून कोपर बाहेर काढून, आणि मी पुढची सीट दुमडून, साडी आवळून, मागच्या फटीत. गुडघे हनुवटीला.

"वहिनी, बरं आहे ना मागे?" उल्हास आरशात बघून विचारायचा.

त्या आरशात मी त्याला काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही.

तर टायर आणि सायलेन्सर घ्यायचा दिवस. इंडस्ट्रियल एरियात एका दुकानाच्या गल्ल्यावर जहांआरा नावाची कराचीची बाई बसायची. नवरा आत क्रिकेट बघत पडलेला, दुकान हीच चालवायची. उल्हासने आल्या आल्या सगळ्यात रुंद टायरवर थाप मारली.

"हेच! चारही. सद्या, गाडी पैलवान दिसली पाहिजे."

"आणि जड नाही व्हायची वळवायला?" सदानंदने विचारलं.

"होईल ना. मी आहे की वळवायला." मग माझ्याकडे बघून, "आता वहिनींनी मनात आणलं तरी ती जागची हलायची नाही."

दोघं हसले. चांगले खदाखदा, पोट धरून. जहांआरा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती.

मी भांडले नाही. भांडून काय मिळतं ते माहीत होतं. मी अगदी गरीब चेहरा केला आणि म्हटलं, "अहो, लोक आपली गाडी नक्की बघतात कुठून?"

"कुठून म्हणजे?"

"समोरून येणाऱ्याला दिसेपर्यंत ती गेलेली असते. निवांत बघतो तो मागचा माणूस. सिग्नलला मागे उभा राहून, हेवा करत. मग रुंद टायर मागे घाला ना. पुढे कशाला उगीच? पुढे रुंद घातले की रस्त्याला चिकटणार, ओढायला जोर लागणार, पेट्रोल जाणार."

पेट्रोल म्हटल्यावर सदानंदचे कान टवकारले.

"ॲव्हरेज पडेल का?" त्याने जहांआराला विचारलं.

"बहुत गिरेगा," जहांआरा डोळ्याची पापणीही न हलवता म्हणाली. "भाभी सही बोल रही हैं. असली अमेरिकन लोग आगे पतला, पीछे चौड़ा ही डालते हैं."

"पण वळताना ग्रिप..." उल्हास म्हणाला.

"उल्हास, ॲव्हरेज!" सदानंद त्याच्यावर खेकसला. त्याने मनातल्या मनात दिरहमचे रुपये केले, घाम पुसला आणि हुकूम सोडला. पुढे बारीक, मागे रुंद.

मग सायलेन्सर. सदानंदची अट एकच होती. "आत हॉलमध्ये माइक चालू असला तरी कळलं पाहिजे, सदानंद आला."

कारागिराने आधी मनगटाएवढा जाड पाइप लावून बघितला. गाडी सुरू केली तर रेड्याला सर्दी झाल्यासारखा आवाज आला. शेजारच्या दुकानातले लोक बाहेर येऊन हसले. उल्हासने घाईघाईने सिगरेट पेटवली आणि आपण या माणसांबरोबर नाही असा चेहरा केला. मग त्याहून बारीक पाइप लावला, मधला डबा काढून. या वेळी मात्र आवाज लागला. खोल, जाड, पोटात जाणारा. सदानंदचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

"झोपेतसुद्धा ओळखेन मी हा आवाज," तो म्हणाला. "कोणी नुसती चालू केली तरी उठून बसेन."

हे वाक्य मी नीट ऐकून ठेवलं.

"साब, ऐसे पासिंग में फेल होगी," जहांआरा म्हणाली. "मुल्किया नहीं बनेगा." मुल्किया म्हणजे तिथलं गाडीच्या नोंदणीचं कार्ड.

सदानंदचं तोंड पडलं. मी म्हटलं, "असं काही नाही का हो, की पाहिजे तेव्हा आवाज, नको तेव्हा गप्प?"

जहांआराने माझ्याकडे एकदा बघितलं, एकदा या दोघांकडे. आमच्यात एका शब्दाचीही बोलणी झाली नव्हती, आणि सगळं ठरलं. तिने कारागिराला काढलेला डबा बाजूने परत जोडून पाइपला मधेच एक झडप बसवायला सांगितली. झडप उघडली की धूर सरळ बाहेर, सिंहासारखा. मिटली की डब्यातून वळसे घेत, मांजरासारखा. झडपेची तार स्टिअरिंगखाली, एका खुंटीला.

"पासिंगपुरती मिटायची. एरवी उघडीच ठेव," सदानंदने उल्हासला बजावलं.

"उघडीच," उल्हास म्हणाला.

पुढच्या शुक्रवारी सदानंदने मटण-भात खाल्ला, एसीचं बटण फुल केलं आणि आडवा झाला. त्याचं घोरणं लयीत आल्यावर मी खिळ्यावरची किल्ली काढली. गाडी बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये, कव्हर घालून. खुंटी ओढून झडप मिटली आणि गाडी चालू केली. ऑफिसातल्या फ्रीजचा आवाज तिच्यापेक्षा मोठा. स्टिअरिंग जड होतं, पण कणीक मळणाऱ्या हाताला काय जड. बारीक टायर वाळूतून मुकाट्याने वळले.

शहर संपेपर्यंत मी मांजर होते. धैदच्या रस्त्याला लागल्यावर झडप उघडली.

आईशपथ! पाठीतून आवाज चढला तो टाळूपर्यंत. दोन्ही बाजूंना वाळू, समोर सरळ रस्ता, मागे ते रुंद टायर रस्ता धरून बसलेले. मी मोठ्याने ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, शब्द नव्हतेच त्यात. परतताना एका चहाच्या टपरीसमोर थांबून हॉर्न दिला. चहावाला मलबारी पळत आला तो थेट उजव्या खिडकीशी, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे असतं आणि तिथे बाई बसलेली बघून तो गोंधळला. रिकाम्या सीटला त्याने विचारलं, "साब, कितना चाय?" मी म्हटलं, "साब सो रहा है. एक."

मग दर शुक्रवारी. मी चोरी म्हणत नाही. गाडी घेताना माझाही पगार त्यात गेला होता.

घोटाळा केला तो पेट्रोलच्या काट्याने. सदानंद शनिवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी काटा बघायचा. आधी त्याने गॅरेजवाल्याला झापलं, मग बारीक टायरना, मग हवेतल्या दमटपणाला. मग एकेक करून सगळे निर्दोष सुटल्यावर त्याची नजर खालच्या मजल्यावर गेली.

मंडळाने पाडव्याचा कार्यक्रम सोयीसाठी शुक्रवारी ठेवला होता, दुबईत, एका शाळेच्या हॉलमध्ये. आम्ही नटूनथटून पार्किंगमध्ये उतरलो. सदानंद मोतिया रंगाच्या झब्ब्यात, मी पैठणीत, उल्हास गाडी चालू करून उभा, झडप उघडी, अख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या थरथरताहेत. आणि याला नेमका तोच मुहूर्त सापडला.

"उल्हास, एक विचारू? रागावू नकोस."

"विचार ना."

"पेट्रोल जातं कुठे?"

"म्हणजे?"

"म्हणजे आपण फिरतो तेवढं जायला नको. मी हिशेब केलाय."

उल्हासने गाडी बंद केली. "मी काढतो असं म्हणायचंय तुला?"

"मी असं म्हटलं का? मी फक्त म्हणतोय, किल्ली आपल्या दोघांकडेच आहे."

दोघांकडेच! घरात मी राहते, किल्ली माझ्या डोळ्यांसमोरच्या खिळ्याला, लायसन माझ्या पर्समध्ये. पण संशय घ्यायच्या लायकीचीसुद्धा मी नव्हते. शिव्या खाल्ल्या असत्या तर इतकी चिडले नसते.

"तुझं पेट्रोल प्यायला मी उंट आहे का रे?" उल्हास ओरडला. "कामधंदा सोडून फुकट ड्रायव्हरकी केली तुझी!" त्याने किल्ली वाळूत भिरकावली आणि तरातरा जिना चढून गेला. सगळ्या बाल्कन्या भरलेल्या.

सदानंद किल्लीकडे बघत राहिला. मी ती उचलली, पदर खोचला आणि डावीकडे, स्टिअरिंगवर जाऊन बसले.

"उतर, मृणाल. तुला वळवता नाही यायची."

"बसा."

"लोक बघताहेत."

"म्हणूनच बसा."

तो बसला. एका बाजूला पाण्याचा टँकर, दुसऱ्या बाजूला पिकअप. मी एका झटक्यात, एका हाताने रिव्हर्स घेऊन गाडी मधून काढली. सदानंद टँकरकडे बघत होता, मग माझ्या हाताकडे बघायला लागला. पहिल्या सिग्नलला मी खुंटी ओढून झडप मिटली, म्हणजे बोलता येईल.

"ते कुठे असतं ते तुला कसं माहीत?"

"दर शुक्रवारी तिथेच असतं."

अकाउंट्सचा माणूस, जमाखर्च जुळायला थोडाच वेळ लागला.

"म्हणजे पेट्रोल..."

"मी संपवलं. धैदपर्यंत जाऊन."

"मी झोपलेला असताना?"

"घोरत असताना."

मला वाटलं, आता भडका उडेल. तर त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे ॲव्हरेज चांगलं आहे!"

समोर राउंडअबाउट आला. मी न थांबता आत शिरले. सदानंदने डोळे मिटले. उघडले तेव्हा आम्ही पूर्ण वळसा घालून आलो त्या रस्त्याला लागलो होतो.

"हे कुठे?"

"उल्हासभाऊजींना आणायला."

"त्याला सांगू, टाकी गळत होती."

"टाकी नाही गळत."

"मग काय सांगायचं? बायको गाडी पळवते?"

"हो."

बिल्डिंगखाली येऊन मी झडप उघडली आणि इंजिन गुरगुरवलं. उल्हास बाल्कनीत आला. मी मान बाहेर काढून ओरडले, "भाऊजी, पेट्रोल मी पीत होते! चला, उशीर होतोय!"

तो खाली आला, रागावलेलाच. गाडीभोवती एक फेरी मारली. पुढच्या टायरपाशी थांबला.

"म्हणजे त्या दिवशी दुकानात वहिनी..."

"बसा मागे."

सदानंदने सीट दुमडली. उल्हास आत घुसला, वाकला, पुन्हा वाकला. "वहिनी, इथे पाय ठेवायचे कुठे?"

"मला कुठे कोणी सांगितलं होतं?"

दुबईपर्यंत मी झडप मिटली नाही. शाळेच्या फाटकात शिरलो तेव्हा मंडळाची निम्मी माणसं आवाज ऐकून पायऱ्यांवर आली होती. फेटा बांधलेला एक कार्यकर्ता धावत उजव्या खिडकीशी आला, सदानंदच्या बाजूला, आणि स्टिअरिंगवर मी असूनही त्याला हात जोडून म्हणाला, "वहिनी इथेच उतरतील. साहेब, तुम्ही गाडी लावा. पार्किंग डावीकडे."

उत्तर सदानंदने द्यायचं होतं. हे माझं बोलणं नव्हतंच.

सदानंद काहीतरी पुटपुटला.

"काय साहेब?" कार्यकर्त्याने कानामागे हात धरला. गाडीच एवढी गुरगुरत होती. सदानंदने माझ्याकडे बघितलं, की झडप तरी मिट. मी समोर बघत होते.

"मला येत नाही!" शेवटी तो ओरडला. पायऱ्यांवरच्या गप्पा थांबल्या. "गाडी चालवता येत नाही मला! ती चालवते! लायसन तिचं आहे!"

कान लाल, मान ताठ. मग त्याने दार उघडलं आणि तो उतरला, झब्बा झटकून, जसं त्याला कायम उतरायचं होतं तसा, सगळ्यांसमोर. त्याच्यामागून उल्हास रांगत बाहेर आला.

"गाडी लावून ये," सदानंद खिडकीत वाकून म्हणाला. आवाज नेहमीसारखा, साधा.

"येते," मी म्हटलं.

पार्किंग डावीकडे होतं. मी उजवीकडे वळले, परत फाटकाबाहेर.