तोंडातल्या टाचण्या

ओठांत धरलेल्या टाचण्या जराही न हलवता बाई सुनेला म्हणाल्या, "तुझे सासरे आता कामातून गेले."

सुनेने शिलाई मशीनवरचा पाय उचलला. "का? काय केलं बाबांनी?"

"काय करायचं बाकी ठेवलंय? सकाळी न्हाणीघरात आरशासमोर उभे राहून तोंडं वेंगाडतात. आवाज नाही न काही नाही, नुसती तोंडं. दुपारी टीव्ही लावतात, तोही आवाज बंद करून. ती बातम्यांवाली तिकडे घसा फोडतेय आणि हे बसलेत तिच्या तोंडाकडे बघत. आवाज वाढवा म्हटलं, तर म्हणे कशाला, छान चाललंय की."

"मग बघू देत ना, आई."

"बघू देत? परवा दुकानातला मोठा आरसा उचलून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. गिऱ्हाइकानं काय मान मोडून बघायचं? विचारलं तर हसतात. आणि माझ्याकडे असे टक लावून बघतात, जसं काही मी कालच लग्न होऊन आलेय."

सून हसली. मशीन पुन्हा खडखडू लागलं. बाईंना मात्र हसू आलं नाही. त्या पुतळ्यावर चढवलेल्या जाकिटाकडे वळल्या.

दुकानात कापड कापायचं काम नवऱ्याचं, म्हणजे मास्तरांचं, आणि अंगावर बेतून टाचण्या लावायचं बाईंचं, ही वाटणी लग्नापासूनची. शाळेत बाई दुसरीच्या पुढे गेल्या नव्हत्या, पण येणाऱ्या माणसाचा कुठला खांदा उतरता आहे हे तो उंबरठा ओलांडायच्या आत त्यांना कळायचं. गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहिलं की त्या म्हणायच्या, "श्वास सोडा. कोट तुम्हाला शिवायचाय, तुमच्या इच्छेला नाही." आणि हे सगळं ओठांत टाचण्या धरून. सुनेने एकदा हौसेनं मनगटाला बांधायची टाचण्यांची उशी शिवून दिली होती. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली, "तोंड काय नुसतं खायला दिलंय?" म्हणाल्या आणि खणात टाकून दिली.

एक गोष्ट त्यांनी सुनेला सांगितली नव्हती. त्यांच्या थोरल्या दिरांचंही असंच सुरू झालं होतं. आधी बोलणं कमी झालं, मग भलत्याच प्रश्नाला भलतंच उत्तर, मग ते टक लावून बघणं. आणि एके दिवशी चहा घेऊन आलेल्या जाऊबाईंना त्यांनी फार अदबीनं विचारलं, "आपण कोण?" जाऊबाई कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या होत्या. बाई तेव्हा दारात होत्या.

हातातली टाचणी पुतळ्याच्या दंडात जरा जास्तच खोल गेली.

संध्याकाळी मास्तरांनी वकीलबाईंच्या कोटाच्या बाह्या कापून टेबलावर ठेवल्या. बाईंनी एक बाही उचलली, पुतळ्याच्या हाताला लावली आणि पाहतच राहिल्या. चांगली चार बोटं आखूड होती. हात कापावा पण बाही चुकू नये, असा मास्तरांचा लौकिक. सकाळी वकीलबाईंच्या मनगटाशी वाकून बाईंनी स्वतः माप सांगितलं होतं, आणि टेबलापलीकडून मास्तर "हं" म्हणाले होते.

"मी काय माप सांगितलं होतं?" बाईंनी विचारलं. तोंडात टाचण्या होत्याच.

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाहीकडे. मग पुन्हा तोंडाकडे.

"आधी त्या टाचण्या काढ."

"मी बाहीचं विचारतेय, टाचण्यांचं नाही! माप काय सांगितलं होतं?"

मास्तरांनी हातातला खडू उगाच कोटाच्या खिशावरून फिरवला.

बाईंनी टाचण्या काढून मुठीत धरल्या आणि भिंतीतल्या फळीकडे वळून दोऱ्यांची रिळं सारखी करू लागल्या. तोंड तिकडेच ठेवून, सहज विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "बरं, माप राहू द्या. मी कोण आहे, ते तरी ठाऊक आहे का?"

मागून उत्तर आलं नाही. एक रीळ घरंगळत खाली गेलं. ते उचलायचं बाईंच्या लक्षात आलं नाही. सुनेचं मशीन केव्हाच थांबलं होतं.

बाई सावकाश वळल्या. तेच त्यांना पुन्हा विचारायचं होतं. पण घसा असा आवळून आला की ओठ हलले, आवाज मात्र फुटलाच नाही.

"तू कोण?" मास्तर म्हणाले. "हा काय प्रश्न झाला? या दुकानाची मालकीण. आणि दुकान बंद झालं की माझीही."

सून गोंधळून दोघांकडे पाहत होती. "आई, तुम्ही काही बोललात? मला तर काहीच ऐकू आलं नाही."

बाईंनी सुनेकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. मग कोपऱ्यात हलवलेल्या आरशाकडे. टेबलाशी उभ्या माणसाला, गिऱ्हाइकापुढे वाकलेल्या बाईंचं तोंड त्यात नेमकं दिसलं असतं. त्या मटकन स्टुलावर बसल्या.

"कधीपासून?" या वेळी त्यांनी मुद्दामच आवाज काढला नाही.

"थंडीत कानांनी दगा दिला," मास्तर म्हणाले. "आधी वाटलं मळ असेल. यंत्रही लावून बघितलं. त्यात तुझ्या आवाजाआधी मशीनची खडखडच डोक्यात शिरते."

"आणि हे तोंडं वाचणं कोणी शिकवलं?"

"कोण शिकवणार? आधी आरशात स्वतःचं तोंड वाचलं. मी काय बोलतोय ते मला माहीत असतंच ना. मग बातम्या. खाली अक्षरं येतात, ती पुठ्ठ्यानं झाकायची, ओळखायचं, आणि मग पुठ्ठा काढून बघायचं." मास्तरांचा चेहरा बोलता बोलता उजळला होता. "ती बातम्यांवाली मात्र फार भराभरा बोलते. तुझं बरं, तू एकेक शब्द चावून बोलतेस. तुझ्यावरच खरा हात बसला. शिव्या तर सगळ्यात आधी आल्या."

सुनेने तोंडावर पदर धरला.

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू गिऱ्हाइकांसमोर माझ्या कानात ओरडली असतीस. मग एक दिवस म्हणाली असतीस, राहू द्या आता, बसा घरी." ते टेबलाच्या कडेवरून हात फिरवत राहिले. "टेबल सोडायचं नव्हतं मला. सगळं जमत होतं. फक्त तू तोंडात टाचण्या धरल्यास की काही दिसत नाही. तेव्हा अंदाजावर भागवायचो. सकाळचं माप मात्र चुकलो."

बाईंनी गळ्यातल्या टेपच्या टोकानं डोळे पुसले आणि मग त्याच टोकानं नाकही. उठून उरलेलं कापड पसरून पाहिलं. बाह्या नव्यानं निघत होत्या, जेमतेम, पण निघत होत्या. त्यांनी खण उघडला, चिंध्यांच्या तळाशी हात घालून ती उशी शोधून काढली आणि मनगटाला बांधली. मुठीतल्या टाचण्या एकेक करून तिच्यात खोचल्या. मोकळे ओठ त्यांना स्वतःलाच परके वाटले, म्हणून त्यांनी ते दोनदा आवळून पाहिले.

मग त्या दिव्याखाली येऊन मास्तरांसमोर उभ्या राहिल्या. आवाजाची गरज नव्हती, पण सुनेलाही ऐकू जावं म्हणून एकेक शब्द चावून, मोठ्यानं म्हणाल्या:

"वेडे नाही झालात तुम्ही. लबाड झालात, नुसते लबाड! धरा ते कापड, आणि बघा माझ्या तोंडाकडे. माप सांगतेय."