काळी पडलेली पट्टी

ही गोष्ट २०१३ सालची, जुलै महिन्यातली. मी एक जुनी लॅमिनेशनची मशीन आहे, पण त्या वर्षी मी नवी होते आणि परतवाड्याच्या बसस्टँडसमोरच्या ‘प्रणाली झेरॉक्स’ या दुकानात मला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते.

मित्रांनो, माझी रचना अगदी साधी. पोटात दोन रबरी रूळ, त्यांना तापवणारी तार आणि समोर रूळ तापले की लागणारा एक हिरवा दिवा. प्लॅस्टिकच्या पाकिटात कागद घालून एका बाजूने सरकवला, की रूळ त्याला तापवत, दाबत पुढे नेतात. दुसऱ्या बाजूने तो ताठ आणि चकचकीत होऊन निघतो. मग त्याला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही. दिल्लीकडच्या कारखान्यातून निघून मी अकोल्याला आले. तिथे जुन्या शहरातल्या एका दुकानात खोक्यात पडून होते. सीमाताईंनी मला पसंत केले आणि अकोटमार्गे एसटीने मांडीवर ठेवून परतवाड्याला आणले. दुकान त्यांचे एकटीचे. प्रणाली त्यांची मुलगी, तेव्हा शाळेत जात होती.

परतवाड्यात माझे फार कौतुक झाले. लोक आधार कार्ड आणत, सातबारा आणत, टाळे न उघडणाऱ्या कपाटाचे गॅरंटी कार्डसुद्धा आणत. एका आजोबांनी तर लग्नपत्रिका आणली होती, बावन्न वर्षांपूर्वीची. आपल्याकडे कागद जपायचा म्हणजे तो लॅमिनेट करायचा, असाच समज होता. झेरॉक्स म्हणजे नक्कल, लॅमिनेशन म्हणजे खरे जपणे. मलाही तेच वाटे. रोज शेदोनशे कागद पोटातून गेले, की कोणालाही गर्व होतोच.

जुलैत दाखल्यांची गर्दी असते. त्या दिवशी सीमाताईंना मान वर करायला सवड नव्हती. जाड दाखल्यांसाठी त्यांनी मला चांगलेच तापवून ठेवले होते. तेवढ्यात जानराव आले. ते जवळच्या खेड्यातले भाजीवाले. वांगी, मेथी लावत आणि बाजारात स्वतः विकत. त्यांची पत्नी गोदाबाई बाहेर ओट्यावर बसली होती. गोदाबाईंना मधूनमधून चक्कर येई आणि त्या उभ्या जागी पडत. दवाखान्यात दाखवावे तर सगळे ठीक निघे. मात्र आठ दिवसांपूर्वी गावातल्या डॉक्टरांसमोरच त्यांना चक्कर आली आणि डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढला. त्या लांब पट्टीवर हृदय मध्येच थांबलेले दिसत होते. ही पट्टी जपून अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा, असे त्यांनी सांगितले होते. अमरावतीची बस अर्ध्या तासात होती.

जानराव जपणारे गृहस्थ. भाजीच्या पिशवीत पट्टी भिजेल म्हणून त्यांनी ती सीमाताईंच्या हातात दिली. सीमाताईंनी पाहिले न पाहिले आणि पाकिटात घालून माझ्यात सरकवली.

पट्टी आत आली तेव्हा पांढरी होती. बाहेर निघाली ती तव्याच्या बुडासारखी काळी.

मित्रांनो, ईसीजीचा कागद साधा नसतो. त्याच्यावर शाई नसते; उष्णतेनेच त्याच्यावर रेघ उमटते. म्हणून जास्त उष्णता लागली की तो सगळाच काळा पडतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. सीमाताईंनाही नव्हते.

जानरावांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि शांतपणे परत दिली. “हा आमचा नाई बाई. आमचा पांढरा होता.”

“काका, हाच हाय तो,” सीमाताई म्हणाल्या.

“मंग रेघा कुठी गेल्या?” त्यांनी माझ्या मागच्या फटीकडे बोट दाखवले. “उल्टीकून टाकून पाहा ना. येतीन वापस.”

तोवर गोदाबाई उठून आत आल्या होत्या. त्यांनी काळी पट्टी पाहिली, नवऱ्याकडे पाहिले. “आता मलेच टाका तिच्यात,” त्या म्हणाल्या, “म्हन्जे पावसात भिजाचं भेव नाई.”

सीमाताईंनी माझी वायर काढली, गिऱ्हाइकांना समोरच्या दुकानात पाठवले आणि शटर ओढले. त्याच बसने त्या दोघांबरोबर अमरावतीला गेल्या. पुढचे मी त्यांच्या तोंडून ऐकले. डॉक्टरांसमोर जानराव आपलीच चूक सांगू लागले, तेव्हा सीमाताईंनी त्यांना थांबवले आणि मशीन माझी, हातही माझा, असे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत. नवा ईसीजी काढला, तो अगदी चांगला आला. हृदय थांबते हे पुन्हा दिसल्याशिवाय छातीत पेसमेकर बसवता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. मग एक दिवस छातीला बांधून ठेवायचे छोटे यंत्र दिले. त्यात काही सापडले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बांधले, तेव्हाही नाही.

असे तेवीस दिवस गेले. गोदाबाई शेतात जात. जानराव त्यांना विहिरीकडे फिरकू देत नसत, दोन हात अंतर ठेवून मागेमागे चालत. मी फडक्याखाली थंड पडून होते. दाखल्याची गिऱ्हाइके समोर जात होती आणि सीमाताई त्यांना जाऊ देत होत्या. रोज संध्याकाळी त्या जानरावांना फोन करून एवढेच विचारत, “मावशी बऱ्या हायेत ना?”

तिसऱ्यांदा यंत्र बांधले त्या दिवशी वांग्यांच्या कॅरेटवरून नवराबायकोचे कडाक्याचे वाजले. बोलताबोलता गोदाबाई मेथीच्या वाफ्यात बसल्या ते बसल्याच. दोन मिनिटांनी डोळे उघडले. यंत्राने सगळे टिपून ठेवले होते. त्याच आठवड्यात पेसमेकर बसला.

महिन्याभराने गोदाबाई दुकानात आल्या. दवाखान्यातून मिळालेले पेसमेकरचे कार्ड त्यांनी टेबलावर ठेवले. “भांडू नका म्हन्ते डाक्टर,” त्या म्हणाल्या, “पन भांडलो म्हून तं सापडलं. हे टाक पोरी, तुह्या मशिनीत.”

“नाई टाकत मावशी. मले भेव वाटते.”

“काहून? येकदा चुकली म्हून का जनमभर हात बांधून बसशीन?”

सीमाताईंनी कार्डाच्या कोपऱ्यावर नख जोरात ओढले; उष्णतेने काळा पडणारा कागद असेल, तर नखाच्या घासण्यानेही त्याच्यावर रेघ उठते. काळी रेघ उठली नाही. मग त्यांनी कार्डाची झेरॉक्स काढली, ती गोदाबाईंच्या हातात दिली, आणि तेव्हा कुठे माझी वायर लावली. हिरवा दिवा लागायला चार मिनिटे लागली. तेवढा वेळ गोदाबाई उभ्या होत्या. कार्ड जसे आत आले तसेच बाहेर गेले.

त्यानंतर या दुकानात नखाची रेघ आणि एक झेरॉक्स झाल्याशिवाय माझ्यात कागद पडला नाही. घाई असलेले लोक कुरकुर करत. मित्रांनो, तुम्हीही हे लक्षात ठेवा. एखादी गोष्ट जपायची असेल, तर आधी ती कशाची बनली आहे ते पाहा. मग तिला हात लावा.

आता माझा एक रूळ कडक झाला आहे. लोकांचे दाखले फोनमध्ये असतात, आणि मी सगळ्यात वरच्या फळीवर असते. प्रणाली अकोल्याला नर्स आहे. सीमाताई अजून दुकानात बसतात, चष्मा लावून. जानराव २०२१ साली गेले. त्यांचे सगळे कागद लॅमिनेट केलेले, एका पिशवीत नीट सापडले. गोदाबाईंच्या पेसमेकरची बॅटरी गेल्या वर्षी बदलली. बाजाराच्या दिवशी त्या दुकानावरून जातात आणि सीमाताईंसाठी मेथीची जुडी ठेवून जातात.

काळी पट्टी काउंटरमागच्या भिंतीला लावलेली आहे. बारा वर्षांत तिच्यावर चहा सांडला, छत गळले, एकदा उंदराने कुरतडून पाहिले. तिला काहीही झालेले नाही. मी जपलेल्या सगळ्या कागदांत इतका नीट टिकलेला दुसरा नाही.