आधी शेपटाला पाणी

मानवी संस्कृती नदीकाठी जन्मली. युफ्रेटिस असो, नाईल असो की सिंधू, पाणी वळवायचं तर माणसांना एकत्र यावं लागलं. एकत्र आल्यावर भांडणं आली, भांडणांतून नियम, नियमांतून लिपी, आणि लिहिलेलं वाचून दाखवायला राजा. या सगळ्याला दोनेक हजार वर्षं लागली म्हणतात. आमच्याकडे, इंग्लंडात रीडिंगला, सात आठवडे लागले. राजा व्हिजिटर व्हिसावर होता.

एम-फोर हायवेच्या घरघरीत, झाडांच्या रांगेमागे कौन्सिलची अलॉटमेंट आहे. म्हणजे भाजी लावायला भाड्याने मिळणारे जमिनीचे बारा तुकडे. वेटिंग लिस्ट सहा वर्षांची. सुचेता पुण्याहून आली त्याच महिन्यात तिने नाव घातलं. तेव्हापासून दोन नोकऱ्या बदलल्या, तीन घरं बदलली, नाव काढलं नाही. यंदा मार्चमध्ये तिला बारावा प्लॉट मिळाला, अगदी शेवटचा. माझा अकरावा, म्हणून पुढचं सगळं मला दिसलं. करारात एक कलम होतं : पहिल्या वर्षी एकतीस ऑगस्टला तपासणी, आणि तेव्हा पाऊण जमीन पिकाखाली नसेल तर प्लॉट परत.

तिने मेथी लावली, वाल लावले, भोपळा लावला, आणि इथे येत नाही असं सगळ्यांनी सांगितल्यावर भेंडीही लावली.

पाऊस जूनमध्ये थांबला. जुलैत होजपाइपवर बंदी आली. नळ एकच, तोही पार फाटकापाशी. याच सुमाराला तिचे सासरे दीनानाथ सहा महिन्यांसाठी आले. नाशिककडे पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं नोकरी. पहिल्याच दिवशी ते हातात झारी घेऊन चालत गेले ते पार पहिल्या प्लॉटपर्यंत. तिथे कुंपणाखालून, काटेरी झुडपांतून एक बारीक ओढा येत होता आणि खड्ड्यात जिरत होता. दीनानाथांनी झारी खाली ठेवली.

"सुचेता, या लोकांना पाणी दिसत नाही का?"

"बाबा, ते कौन्सिलचं असेल."

"ओढा कौन्सिलचा नसतो. ओढा उताराचा असतो."

चौथ्या प्लॉटवरचे निवृत्त इंग्रज मास्तर म्हणाले, वीस वर्षांत मी इथे ओढा पाहिलेला नाही. दीनानाथ म्हणाले, दिसायला नजर लागते. सुचेताने त्याचं इंग्रजी जरा मऊ करून सांगितलं.

दोन शनिवारांत पाट खणला गेला, पहिल्या प्लॉटपासून बाराव्यापर्यंत. पहिला प्लॉट वीरचा. तो लंडनमध्ये हॅरोला जन्मलेला, बँकेत रिस्क सांभाळणारा. सातवा मधुमतीताईंचा, ज्या दोन माणसांतही कमिटी नेमू शकतात. बाकी आठ जण इंग्रज, पोलिश आणि एक नायजेरियन. पाणी आल्यावर सगळे नाशिककडचे झाले.

"आमच्याकडे फड पद्धत आहे, तीनशे वर्षांची," दीनानाथांनी सांगितलं. "पाणी आधी शेपटाला. माथ्यावरच्याला शेवटी."

"पण अंकल, पाणी माझ्याकडे फर्स्ट येतो ना," वीर म्हणाला.

"म्हणूनच तुला शेवटी. म्हणजे तू पाट कधी तुंबू देणार नाहीस."

वीरला हे इतकं पटलं की त्याने ऑफिसातून पाळीपत्रक लॅमिनेट करून आणलं. कुणाला कुठल्या दिवशी किती मिनिटं पाणी, सगळं त्यात. पाट राखायला पाटकरी हवा; दीनानाथांनी स्वतःला नेमलं. पाणी मोजायला बोटाबोटावर खुणा केलेली एक काठी केली. रविवारी अकरा वाजता तक्रारी ऐकू लागले. पोलिश गृहस्थांचा पाय पाटाच्या बांधावर पडला म्हणून त्यांची एक पाळी रद्द झाली. त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. कुणी हसलं नाही. मग एके दिवशी दीनानाथांच्या खुर्चीपाशी कुणीतरी पहिल्या तोडीचे कुर्जेट, म्हणजे इथले काकडीएवढे भोपळे, ठेवले. मागितले नव्हते. पुढच्या रविवारी ढीग होता. त्यातले दोन माझे.

पाणी सहा बोटं होतं. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी काठीने पाच सांगितलं. गुरुवारी चार.

"उन्हाळा आहे," मी म्हणालो.

"उन्हाने ओढा आटतो तो हळूहळू," दीनानाथ काठीकडे बघत म्हणाले. "हा पायऱ्या उतरतोय. बोट-बोट. मी चौतीस वर्षं बघितलंय. पाणी असं उतरलं की कुठेतरी कुणीतरी पाइप टाकलेला असतोच."

त्या दिवसापासून लोक एकमेकांच्या शेडमध्ये नुसतं डोकावत नव्हते, थांबत होते. वीरच्या शेडची झडती झाली. त्याने आपणहून दार उघडलं आणि 'कम्प्लायन्स' म्हणाला. नायजेरियन बाई सकाळी यायच्या बंद झाल्या. पाणी तीन बोटांवर आलं.

रविवारी मधुमतीताई उभ्या राहिल्या.

"काका, बोलू नये, पण जरा बघा. सगळ्यात हिरवं काय आहे?"

बारा मानांनी बाराव्या प्लॉटकडे बघितलं. भेंडीला फुलं आली होती.

"बाबा, शेपटाला आधी मिळतं म्हणून ते हिरवं आहे," सुचेता म्हणाली. "पाळीबाहेर मी थेंब घेतलेला नाही."

"मला माहीत आहे."

"मग सांगा ना तसं यांना!"

"पाटकऱ्याच्या घरचं पीक सगळ्यात हिरवं असून चालत नाही, बाळा. चोर सापडेपर्यंत बारावा बंद."

"एकतीसला तपासणी आहे. माझा प्लॉट जाईल."

"तोवर सापडेल."

त्यांनी स्वतःच्या हाताने बाराव्याच्या तोंडाशी फळी ठोकली. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. मीही. अकराव्याला आता आधी पाणी मिळणार होतं.

सुचेता सकाळी ट्रेनच्या आधी फाटकापासून झाऱ्या वाहू लागली. तिसऱ्या दिवशी मधुमतीताईंनी नळही पाळीपत्रकात घेतला. बाराव्याला दोन झाऱ्या. मेथी आठवड्यात गेली, मग वाल. भेंडी उभीच वाळली. घरी ती सासऱ्यांना पोळी वाढायची आणि ते खायचे. नवरा म्हणाला, तुमच्या दोघांच्या मध्ये मी पडणार नाही, आणि खरोखरच पडला नाही.

तेवीस ऑगस्टला पाट कोरडा पडला.

सगळे कुंपणापाशी जमले. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं, फावडं, खुरपं. आता काहीतरी वाहायला हवं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. ते चौथ्या प्लॉटचे मास्तर होते. मधुमतीताईंनी जवळच्या स्लाऊ गावाहून नारळ आणवला. तो फोडताना लोक दगडाकडे बघत नव्हते. सुचेताकडे बघत होते. ती दोन पावलं मागे सरकली, आणि दीनानाथ तिच्यापुढे येऊन उभे राहिले.

एकतीसला कौन्सिलची बाई टॅब्लेट घेऊन आली. पहिल्या वर्षाचा प्लॉट एकच होता. तिने वाळलेल्या भेंडीचा फोटो काढला, सॉरी म्हणाली आणि एक बटण दाबलं.

"मॅडम," दीनानाथ इंग्रजीत म्हणाले, "तिची चूक नाही. ओढ्याचं पाणी मी बंद केलं."

"कुठला ओढा?"

त्यांनी तिला कुंपणापर्यंत नेलं आणि ओलीचा डाग दाखवला. तिने टॅब्लेटवर नकाशा उघडला, मोठा केला, लहान केला. मग कुंपणावरून पलीकडच्या दिव्याच्या खांबाकडे बघितलं. तिथे पाणी कंपनीची नोटीस लावलेली होती. सगळ्यांना ऐकू जाईल अशी तिने ती वाचली.

रस्त्याखालची पाण्याची मेन लाइन मार्चपासून गळत होती. चार ऑगस्टपासून तिचं प्रेशर टप्प्याटप्प्याने कमी केलं, आणि तेवीस तारखेला गळती दुरुस्त झाली.