नॅपकिनवाली मार्लिस

आर्डिस लिंडक्विस्टचा फोन आला की ती तोंड उघडायच्या आत मार्लिस मनात म्हणायची, नॅपकिन. आणि आर्डिस तेच म्हणायची. "मार्लिस, या खेपेला तू असं कर, नॅपकिन घेऊन ये. तुला कशाला उगाच त्रास?"

एल्म लेक गावच्या लूथरन चर्चमध्ये महिन्यातून एकदा रविवारची प्रार्थना संपली की तळघरात सगळे मिळून जेवायचे. ना धड न्याहारी, ना धड जेवण, दोन्हींच्या मधलं काहीतरी. ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ करून आणायचा. कुणी काय आणायचं ते स्वयंपाकघर सांभाळणारी आर्डिस ठरवायची, आणि तिच्या शब्दाबाहेर जायची पास्टरचीही टाप नव्हती. आता एखादीला नॅपकिन आणायला सांगणं म्हणजे काय, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही कळायचं. म्हणजे बाई गं, तुझ्या हातचं आम्हाला नको.

कारण काय, तर ती मेली जेली. बऱ्याच वर्षांपूर्वी मार्लिसने संत्र्याच्या जेलीत डब्यातला अननस घालायचा सोडून ताजा घातला. ताज्या अननसाने जेली धरत नाही, हे तिला कुठलं माहीत! ती जेली जी निघाली, ती टेबलावरून थेट तेव्हाच्या पास्टरांच्या पँटवर. कुणी चकार शब्द काढला नाही. मिनेसोटातली माणसं ती, मेली तरी कुणाला तोंडावर वाईट बोलायची नाहीत. सगळे फक्त म्हणाले, "वेगळंच आहे हं." तिकडे 'वेगळंच आहे' म्हटलं की समजायचं, संपला खेळ.

तेव्हापासून मार्लिस नॅपकिन आणत होती. फुलाफुलांचे आणायची, इस्टरला सशांचे आणायची. वर हसतमुखाने टेबलावर मांडायची. आतून तिचा नुसता जळफळाट व्हायचा.

मग नवीन पास्टर आल्या. रेनी नाव, तरुण, न्यू जर्सीच्या. आणि मांस खात नाहीत! ही बातमी गावात पोचली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, बाईंना काहीतरी आजार आहे. म्हातारा डेल्बर्ट तर हळहळलाच. "अरेरे, आणि वय तरी काय तिचं!"

आर्डिसने फतवा काढला की पास्टरबाईंच्या स्वागताचं जेवण संपूर्ण बिनमांसाचं होणार. झालं, गावाचं धाबं दणाणलं. त्यांच्या अंड्यात हॅम, बटाट्यात बेकन, घेवड्यातसुद्धा सॉसेज. ते सगळं काढून टाकल्यावर करायचं काय माणसाने? भल्याभल्या सुगरणी डोक्याला हात लावून बसल्या. मार्लिसच्या मनात मात्र उकळ्या फुटल्या. आता सगळ्याच माझ्यासारख्या अडाणी, म्हणाली.

फोन आला तसं तिने आर्डिसला बोलूच दिलं नाही. "या वेळी मी एगबेक आणतेय." एगबेक म्हणजे पाव, अंडी, दूध, चीज एकत्र करून ओव्हनमध्ये भाजायचं.

पलीकडून आर्डिस म्हणाली, "वेगळाच विचार आहे हं."

"आणतेच," मार्लिस म्हणाली आणि फोन ठेवला. आता भांडं रिकामं होऊन घरी आलं पाहिजे, नाहीतर जन्माचे नॅपकिन. "माझ्या स्वतःच्या मयतीच्या जेवणालासुद्धा नॅपकिन मलाच आणायला लावेल ती बया," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा ऑरिन. त्याने एवढंच विचारलं, "भांडं कुठलं नेणार?"

"आपलं मोठं."

"त्यात मी ट्रॅक्टरचं तेल काढलंय."

मार्लिसने त्याची जी हजेरी घेतली, ती इथे सांगण्यासारखी नाही.

राहता राहिलं दुसरं भांडं, आणि ते होतं आर्डिसचं. म्हाताऱ्या हॅल्व्हरच्या मयतीच्या जेवणानंतर उरलेला केक त्यात घालून ते मार्लिसकडे आलं, ते कपाटातच राहिलं. कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तिथली रीत. आणि मार्लिसने त्यात भरून काय द्यायचं? आर्डिसला आपल्या हातचं द्यायची तिची छाती होत नव्हती. बरं झालं, यातच भरून नेऊ आणि उद्या तिथेच परत देऊन टाकू, असं म्हणून तिने ते खसाखसा घासलं. तळाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव लिहिलेलं असतं, हे गडबडीत तिच्या डोक्यातूनच गेलं. बाकी गावातल्या एकूण एक भांड्याच्या बुडाला असं नाव असतं.

नेहमीच्या पावाऐवजी तिने तळ्याकाठचा काळा जंगली तांदूळ शिजवून घातला. कांदा मंद आचेवर परतत राहिली, परतत राहिली, ऑरिन दोनदा येऊन "अजून कांदाच?" विचारून गेला. मग अळंबी, दूध, अंडी आणि हात सैल सोडून चीज. ओव्हनमधून वास सुटला तसा ऑरिन तिसऱ्यांदा आला, तेव्हा तिने त्याला उलथणं दाखवून परतवला.

रविवारी तळघरात टेबल मांडलं होतं, ते बघून कुणालाही दया आली असती. एकीने बटाट्यातली सॉसेजं उचलून काढली होती, त्यांची भोकं तशीच होती. डेल्बर्टच्या घेवड्यात बेकन होतंच. "थोडंसंच आहे, रंगापुरतं," तो म्हणाला. खुद्द आर्डिसने आपला नावाजलेला हॅमचा पदार्थ हॅमशिवाय केला होता. त्यात उरले होते अ‍ॅस्परॅगसचे उकडलेले कोंब आणि आर्डिसची अब्रू.

डेल्बर्टने पास्टरबाईंना कॉफी विचारली. दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर घ्यायची, ही तिथली पद्धत. बाई पहिल्या झटक्यालाच "हो, द्या ना!" म्हणाल्या. डेल्बर्टच्या हातून किटली पडता पडता वाचली.

मग बाईंनी एगबेक घेतला. एक घास खाल्ला, डोळे मिटले, आणि उठून पुन्हा वाढून घेतला. ते बघून बाकीचे सरकले. मार्लिस नॅपकिनच्या ढिगाआड उभी राहून बघत होती. नॅपकिनही तिनेच आणले होते, आर्डिसने मागाहून निरोप धाडला होता, असू देत म्हणून. भांडं अर्धं झालं. पाव झालं.

आणि शेवटचा एक तुकडा राहिला.

आता शेवटचा तुकडा तिथे कुणी उचलत नाही. मेल्याहून मेल्यासारखं होतं त्यांना. एक जण आला, त्याचा अर्धा कापून घेऊन गेला. दुसरी आली, तिने अर्ध्याचा अर्धा नेला. डेल्बर्टने येऊन तेवढ्यातही सुरी चालवली. शेवटी राहिला तो तिकिटाएवढा, पण राहिला! "अरे उचला की रे मुडद्यांनो," मार्लिस मनातल्या मनात ओरडत होती.

पास्टरबाई आल्या आणि त्यांनी तो बोटाने उचलून सरळ तोंडात टाकला. तळघरात श्वास रोखले गेले. बाईंना पत्ताच नाही. "कुणी केलंय हे?" म्हणत त्यांनी भांडं उलटं केलं आणि बुडाचं नाव वाचलं. "आर्डिस! अहो, तुमच्या हाताला काय चव आहे!"

आर्डिस दचकली. "मी नाही केलं ते."

सगळे कौतुकाने हसले. कारण त्या गावात ज्याने केलेलं असतं तो हेच म्हणतो.

"अहो खरंच, मी नाही!"

"बघा, किती साधी बाई आहे," डेल्बर्ट म्हणाला.

आर्डिसचा चेहरा लालबुंद झाला. तिने आपलं भांडं ओळखलं होतं. "मार्लिसने केलंय ते!" ती ओरडली.

हे ऐकल्यावर तर हशा पिकला. "मार्लिसने! वा वा, मन केवढं मोठं आर्डिसचं!"

पास्टरबाई मार्लिसकडे वळल्या. "खरंच तुम्ही केलंत?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एवढी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते पुढ्यात आलं होतं. पण जन्माची सवय कुठे जाणार! "छे हो," मार्लिसच्या तोंडून निघून गेलं, "मी कुठलं काय करतेय?"

"घ्या, तीच नाही म्हणतेय," डेल्बर्ट म्हणाला, आणि विषय मिटला. आर्डिसचं नाही म्हणजे हो, आणि मार्लिसचं नाही म्हणजे नाही. मार्लिसला रडू आलं. आर्डिसचा नाही, तिला आपल्या जिभेचाच संताप आला होता.

लोक पांगल्यावर ती मोरीपाशी भांडी पुसत होती. आर्डिस शेजारी येऊन भांडं घासू लागली.

"हॅल्व्हरच्या मयतीपासून तुझ्याकडेच होतं तर."

"रिकामं कसं परत करू? आणि माझ्या हातचं तू खाल्लं असतंस का?"

आर्डिसने भांड्याची कड घासून काढली. "आज दोनदा खाल्लं," ती म्हणाली. "कांदा किती परतलास गं?"

"कंटाळा येईस्तोवर."

"हं." आर्डिसने नळ बंद केला. "पुढच्या महिन्यात एगबेक तू आण. नॅपकिन मी आणते."

"छे, भलतंच काय!" मार्लिस म्हणाली.

"अगं आण म्हणते ना."

"नको गं, कशाला."

दोन झाले. आता तिसऱ्यांदा विचारलं की हो म्हणायचं. मार्लिस थांबली. आर्डिस काही बोलेना. तिने भांडं पुसलं, उलटं केलं, खिडकीशी धरून बघितलं. घालवलं मी, दोनदा नको म्हणून घालवलं, आता ही कशाला विचारतेय!

आर्डिसने फळीवरची चिकटपट्टी घेतली, दाताने तोडली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि भांड्याच्या बुडाला आपल्या नावावर दाबून चिकटवली. मग भांडं मार्लिसच्या हातात कोंबलं. पट्टीवर लिहिलं होतं, मार्लिस.

"तिसऱ्यांदा विचारत बसायला मला वेळ नाही," आर्डिस म्हणाली.

"बरं बाई," मार्लिस म्हणाली. "तू एवढं म्हणतेसच तर."

मोटारीत ती भांडं मांडीवर पालथं घेऊन बसली, नाव वर करून. ऑरिनने एकदा बघितलं, दोनदा बघितलं.

"सरळ धर की ते. सांडेल ना."

"काय सांडेल?" मार्लिस म्हणाली. "उरलंय काय त्यात?"